इंगवल्यांच्या जावयाचं वाण

"जरा पाणी मिळेल का?" म्हणत त्या बाई स्वयंपाकघराच्या दारातूनच मागं फिरल्या. पाठोपाठ त्यांचे मिस्टरही आले, नाकाला रुमाल लावून. दोघांनाही ठसका लागला होता. मी पाणी दिलं, पंखा वाढवला. खिडक्या उघड्याच होत्या.

"काही करपलंय का?" मिस्टरांनी विचारलं.

"छे हो. आज साधा वरणभात आहे."

"मग हा वास कसला?"

माझ्या सासूबाई कोपऱ्यात जपाची माळ ओढत बसल्या होत्या. आमच्या कोल्हापूरकडच्या पद्धतीनं मी त्यांना आत्ती म्हणायची. त्यांनी माळ थांबवली आणि शांतपणे सांगून टाकलं, "मिरचीचा हाय. भिंतीत मुरलाय. चार-पाच वर्सांत जाईल."

फ्लॅट विकत घ्यायला बघायला आलेली ती मंडळी चहासुद्धा न घेता गेली. जिन्यात त्यांचा ठसका बराच वेळ ऐकू येत होता.

"आत्ती, कशाला सांगितलंत?"

"मग काय उदबत्तीचा म्हणू? जपाला बसलीया मी. खोटं बोलायला लावतीस?"

आत्ती खोटं बोलत नसत. भाजीवाल्याशीसुद्धा नाही. लग्नाच्या बोलणीत त्यांनी माझ्या वडिलांना स्वतःहून सांगितलं होतं की पोरगा सरळ आहे, पण आळशी आहे आणि झोपेत घोरतो. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

आता मिरचीचं सांगते. राजारामपुरीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी कांदा-लसूण चटणी करून विकायची. सुरुवात मैत्रिणींपासून झाली, मग त्यांच्या नणंदा-जावा, मग पुण्यातली पोरं, मग किराणा दुकानं. उन्हाळा आला की मी तेलात मिरच्या परतायला घ्यायची आणि इमारतीतल्या खिडक्या एकामागून एक आपटायला लागायच्या. शेवटी सोसायटीनं लेखी कळवलं की यापुढे इमारतीत मिरची परतू नये. सेक्रेटरी स्वतः कागद घेऊन आले आणि जाताना अर्धा किलो चटणी घेऊन गेले, ती गोष्ट वेगळी.

मला परस असलेलं घर हवं होतं. कळंब्याच्या पुढं तसं एक मिळालं. बैठं, मागं मोकळी जागा, तिथं शेवग्याचं झाड. पण जुना फ्लॅट विकल्याशिवाय नव्याचे पैसे कुठून आणायचे? आमच्या ह्यांनी तोडगा काढला. हे साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. हिशेबाचा भारी शौक.

"याला ब्रिज लोन म्हणतात," ह्यांनी आत्तींना समजावलं. "नवं घर आज घ्यायचं, जुनं निवांत विकायचं. मधल्या काळापुरता बँक पूल टाकून देते. जुन्याचे पैसे आले की तिचे तिला परत."

"आणि पुलाचा टोल कोण भरतंय?" आत्तींनी विचारलं.

"तेवढं व्याज असतंच की. पण मुदत सहाच महिन्यांची. जुना फ्लॅट दसऱ्याला हातोहात जाईल. दसऱ्याला लोक घरं घेतातच. आणि माझा हिशेब बघ. सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं येतात. गेल्या वर्षी दसरा ऑक्टोबर लागता लागता होता, म्हणजे यंदा सप्टेंबरातच. बँकेची मुदत ऑक्टोबरात. उलट चार दिवस हातात राहतायत."

मला हा हिशेब फार आवडला होता. अक्षय तृतीयेला आम्ही नव्या घरात दूध उतू घालवलं. राहायला जायचं ते जुनं विकल्यावर, पण चटणीला काय मुहूर्त? त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा शेवग्याखाली चूल मांडली, ब्याडगी आणि संकेश्वरी मनसोक्त परतली, आणि एकही खिडकी आपटली नाही. दोन बायका हाताखाली घेतल्या. संध्याकाळी परसात बसून आम्ही तिघी चहा प्यायचो. लग्नानंतर इतकी खुशीत मी कधीच नव्हते.

आत्तींना मात्र हा धंदा पसंत नव्हता. "ल्योक इंजिनेराएवढा शिकला आन् सून मिरच्या विकती," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या. प्रत्येक घाण्याची चव मात्र त्याच बघायच्या. बोटाच्या टोकावर चटणी घ्यायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "मीठ कमी हाय." इतक्या वर्षांत याहून चांगला शेरा मला मिळाला नव्हता.

श्रावणात आमचं गाडं अडलं. फ्लॅट बघायला लोक येत होते. काही ठसकून जायचे, पण ज्यांना ठसका लागत नव्हता तेही हात जोडायचे. "आता अधिक लागतोय. अधिकात व्यवहार नको."

"अधिक?" ह्यांनी विचारलं.

आत्तींनी पंचांग ह्यांच्या पुढ्यात ठेवलं. "यंदा दोन भादवे हायत. आधी अधिक, मग आपला. त्यात गणपती, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र, मग दसरा. दसरा महिनाभर म्होरं गेलाय, लेका. ऑक्टोबर सरत येईल तवा."

ह्यांनी पंचांगाची पानं पुढं-मागं चाळून बघितली. लॅबमध्ये रसाची शुद्धता दशांशात मोजणाऱ्या माणसाच्या हिशेबातून आख्खा महिना निसटला होता. बँकेची मुदत संपत होती ती ऐन पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत लोक घर तर सोडाच, नवं पायपुसणंसुद्धा घेत नाहीत.

"मला इचारायचंस की," आत्ती म्हणाल्या.

"तुला काय विचारायचं त्यात? कर्ज बँकेचं आहे."

"तेच की. तुझ्या बँकेला अधिक म्हैना नसतोय."

आम्ही दोघं बँकेत गेलो. मॅनेजर भला माणूस होता. त्यानं चहा मागवला आणि गोड आवाजात सांगितलं की या कर्जाला मुदत वाढवून मिळत नाही. तारखेला पैसे आले नाहीत तर दंडाचं व्याज चढणार, आणि मग तारण ठेवलेली मिळकत विकून वसुली. तारण होतं कळंब्याचं घर. शेवग्याच्या झाडासकट.

त्याच आठवड्यात इंगवले येऊन गेले. सदाशिवराव इंगवले, शाहूपुरीतले गुळाचे मोठे व्यापारी. सोबत त्यांच्या सौभाग्यवती. त्यांना एकच मुलगी, तिचा नवरा कोल्हापुरातच कॉलेजात प्राध्यापक, आणि दोघं भाड्याच्या घरात राहत होते. त्यांच्यासाठी घर बघायचं चाललं होतं. इंगवल्यांना ठसका लागला नाही. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी छातीभर वास घेतला.

"गुऱ्हाळाच्या धुरात जल्म गेला आमचा. ह्ये काय न्हाई. घर बेस हाय, वैनी. किंमतबी बरोबर हाय."

माझ्या जिवात जीव आला.

"दसऱ्याला बोलू," ते म्हणाले. "आत्ता अधिक चाललाय, मग पित्रं. मालकीण ऐकायची न्हाई."

मालकीणबाईंनी मान हलवली. ती दोघं गेली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच मिरच्यांची देठं खुडायला बसले आणि रडायला लागले. आत्ती पाणी प्यायला आत आल्या.

"काय झालं?"

"काही नाही. मिरची डोळ्यात गेली."

त्या माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. "मिरचीनं रडणारी तू न्हवंस," त्या म्हणाल्या, आणि पाणी न पिताच बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अनारशाचं पीठ काढलं. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे आणि दिवा, असं वाण देतात. सांगलीला असलेल्या माझ्या नणंदेच्या नवऱ्यासाठी ते करायचेच होते. पण आत्तींनी पीठ घेतलं ते दुपटीहून जास्त.

"एवढे कुणाला?"

"त्या गुळवाल्याला फोन लाव. म्हणावं, चटणी न्यायला या. मालकिणीला घिऊन या."

इंगवले पती-पत्नी संध्याकाळी आले. आत्तींनी त्यांना पाटावर बसवल्यासारखं मानानं बसवलं, चहा दिला, पुढ्यात अनारसे ठेवले. तांदळाचं पीठ, गूळ आणि वर खसखस. जाळी अशी सुरेख पडली होती की मला वाटलं, एवढं मन लावून तर त्यांनी स्वतःच्या जावयासाठीही कधी केले नसतील. इंगवल्यांनी एक तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"गूळ कुणाचा?"

"तुमच्याच पेठंतला. जावयाला काय वाण देणार यंदा?"

"आता तेच की, आक्का. अनारसे, चांदीचं निरांजन, कापडं."

"एकुलता एक जावई, आन् निरांजनावर भागवतायसा?"

इंगवले हसले. आत्ती हसल्या नाहीत.

"म्या काय म्हणते," त्या म्हणाल्या. "अधिकात आपल्यासाठी काय घिऊ ने, ते खरं. पर द्यायला अधिकासारखा म्हैना न्हाई. एक दिलं तर त्याचं तेहतीस पट पुण्य. घर तुम्ही सोतासाठी घेणारच न्हाईसा. लेकीला आन् जावयाला देणार. मग ते घेणं कुठं झालं? ते वाण झालं."

हातातला चहाचा ट्रे मी तसाच धरून उभी राहिले. आमचे हे जेवणाच्या खोलीच्या दारात थबकले.

"असं चालतंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"चालतंय म्हंजे? पोथीत हाय. जावयाला वास्तूचं वाण दिल्यालं सगळ्यांत थोर."

"खरंच हाय पोथीत? न्हाई, पोरीच्या संसाराचा प्रश्न हाय, आक्का. उद्या कायतरी वंगाळ झालं तर मी सोताला माफ करायची न्हाई."

अधिक महिन्याची पोथी लाल कापडात बांधून देवघरापुढं चौरंगावर ठेवलेली होती. आत्ती रोज सकाळी तिचा एक अध्याय वाचायच्या. त्या उठल्या, हळूहळू चौरंगापाशी गेल्या, खाली बसल्या आणि पोथीवर उजवा हात ठेवला.

"हाय," त्या म्हणाल्या.

मालकीणबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. इंगवले आत्तींच्या हाताकडं बघत होते. मग माझ्याकडं बघितलं, परत आत्तींकडं. मग त्यांनी बंडीच्या खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "कागद कधी करायचा, सायेब?"

पुढचं सगळं भराभर झालं. अधिक सरायच्या आत मुलीच्या आणि जावयाच्या नावानं दस्त नोंदवला गेला. बँकेचं कर्ज मुदतीच्या कितीतरी आधी फिटलं. ह्यांनी मॅनेजरला पेढे दिले आणि त्याला अधिक महिना म्हणजे काय ते समजावून सांगितलं, जणू हा विषय ह्यांचाच. वाणाचा कार्यक्रम आमच्याच, म्हणजे आता त्यांच्या झालेल्या, फ्लॅटमध्ये झाला. परातीत आत्तींनी केलेले तेहतीस अनारसे, मध्ये निरांजन आणि अनारशांवर घराची किल्ली. प्राध्यापक जावई लाजून लाल झाला होता, आणि तेवढ्यात त्याला असा ठसका लागला की निरांजन विझता विझता राहिलं. घरातल्या चौघांत ठसका लागणारा नेमका तोच निघाला.

आम्ही कळंब्याला राहायला आलो. वास्तुशांत दसऱ्यानंतर केली. त्या दिवशी जेवणात श्रीखंड होतं आणि आत्तींनी वाटी बाजूला सारली.

"शुगर हाय मला," त्या म्हणाल्या.

गोड म्हणजे आत्तींचा जीव होता. चोरून साखर खाताना मी त्यांना दोनदा पकडलं होतं. पण म्हातारपणी शहाणपण सुचलं असेल, म्हणून मी बोलले नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. त्या पुरणपोळीला हात लावेनात, तिळगूळ घेईनात. इंगवले दर हंगामात गुळाची ढेप पाठवायचे, त्यातला खडासुद्धा त्यांनी तोंडात टाकला नाही. पुढं मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, आजींना साखरबिखर काही नाही, मजेत खाऊ द्या. आत्ती म्हणाल्या, "डाक्टरला काय कळतंय?" हट्टी म्हातारी, म्हणून मी सोडून दिलं.

तीन वर्षांनी पुन्हा अधिक आला, या वेळी आषाढात. तोवर माझ्याकडं आठ बायका कामाला होत्या आणि चटणी मुंबईपर्यंत जात होती. इंगवले सकाळीच ढेप घेऊन परसात हजर झाले.

"आक्कांच्या हातचं अनारसं पायजेत. जावई म्हणतोय, दुसरं चालणार न्हाईत."

"आत्तींना आता होत नाही हो. पण मी करते, त्यांनीच शिकवलेत."

"बरं, ह्यो गूळ आदी आक्कांना चाखवा. यंदाचा लई गोड हाय."

"त्या नाही खात गोड. शुगर आहे म्हणतात. डॉक्टर म्हणतात नाही, पण ऐकतंय कोण? तीन वर्षं झाली, कणभर तोंडात घातलं नाही."

इंगवले ढेप ठेवता ठेवता थांबले. "तीन वर्सं? कवापासनं म्हंजे?"

"तुम्ही फ्लॅट घेतलात ना, तेव्हापासून."

ते शेवग्याखालच्या बाकावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वैनी, माझी आई ती पोथी दर अधिकात वाचायची," ते म्हणाले. "मी मांडीवर बसून ऐकलीया, मोठा झाल्यावर वाचूनबी दाखवलीया. तसलं काय न्हाई तीत. जावयाला घर, वास्तूचं वाण, कायबी न्हाई."

मला क्षणभर कळलंच नाही ते काय म्हणतायत.

"म्हणजे आत्ती..."

"खोटं बोलल्या. पोथीवर हात ठिवून."

"मग तुम्ही फ्लॅट घेतलात कसा?"

"मालकिणीला जाताना वाटंतच सांगितलं म्या. म्हणलं, म्हातारीनं फसवलं तुला. तर ती काय म्हणाली, ऐका. म्हणाली, सासू सुनंपायी देवाम्होरं खोटं बोलती, असं घर कुटं मिळायचं न्हाई. माझी पोर त्याच घरात ऱ्हाईल. झालं. आक्कांचा मान म्हणून आमी कवा बोललो न्हाई."

ते गेल्यावर मी तिथंच उभी राहिले. मिरची परतणाऱ्या बायका काहीतरी विचारत होत्या, मला ऐकू येत नव्हतं. मला आत्तींचा राग आठवत होता, शेरे आठवत होते, "सून मिरच्या विकती" आठवत होतं. आणि तो लाल कापडावरचा हात. भाजीवाल्याशी खोटं न बोलणारी बाई, जपाला बसून खोटं बोलायला लावू नको म्हणणारी बाई. माझ्या शेवग्याच्या झाडासाठी तिनं आपलं सगळं पुण्य पणाला लावलं होतं, आणि मग गोड सोडून गुपचूप देवाची भरपाई करत होती. मला हुंदका आवरेना.

दुपारी मी अनारसे केले. पहिला घाणा बशीत घेऊन आत्तींच्या खोलीत गेले. त्या खिडकीत बसून पोथी चाळत होत्या. ऑपरेशननंतर त्यांना चांगलं दिसायला लागलं होतं.

"चव बघा."

"शुगर हाय मला."

"आत्ती, इंगवल्यांना ठाऊक होतं."

"काय ठावं हुतं?"

"पोथीत नाही ते. त्यांना तेव्हाच ठाऊक होतं. मालकीणबाईंनापण त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. तरी घेतलं दोघांनी. तुमच्यासाठी घेतलं."

आत्तींनी पोथी मिटली. खिडकीबाहेर बघत राहिल्या. बाहेर बायकांचं हसणं चाललं होतं, मिरचीचा वास येत होता, आणि कुणीही खिडकी आपटत नव्हतं.

"म्हंजे कुणीच फसलं न्हाई?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही."

"नक्की? माझ्या गळ्याची आण?"

"तुमच्या गळ्याची आण."

त्यांनी पोथी कपाळाला लावली, लाल कापडात नीट गुंडाळली आणि चौरंगावर ठेवून दिली. मग बशी पुढं ओढली. एक अनारसा उचलला, उजेडात धरून जाळी बघितली, आणि चांगला अर्धा एका घासात तोंडात घातला. डोळे मिटून त्या किती तरी वेळ चावत राहिल्या. मिटल्या पापण्यांखालून पाणी वाहत होतं. मी वाट बघत होते.

"गूळ कमी हाय," आत्ती म्हणाल्या, आणि दुसरा उचलला.